टाचण्यांचा पट्टा

माझ्या धाकट्या जावेला मी हळूबाई म्हणते. तोंडावर म्हणते, पाठीमागे म्हणते, गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी म्हणते. नाव मीच ठेवलं, ती या घरात आली त्याच वर्षी. अकरा वर्षांत तिनं एकदाही तोंड वाकडं केलं नाही, म्हणून मला वाटायचं की तिला ते आवडतं. आता ते नाव घ्यायची वेळ आली की माझीच जीभ अडखळते. का, ते सांगते. गोष्ट तिची आहे, पण फजिती माझी आहे, तेव्हा आडपडदा ठेवून काही उपयोग नाही.

आमचं शिवणघर घराच्या तळमजल्यावर आहे. पुढच्या खोलीत कापायचं टेबल, मागच्या खोलीत तीन मशिनं आणि इस्त्री, आणि कोपऱ्यातल्या फळीवर लॅपटॉप. आम्ही गणवेश शिवतो. शाळांचे, हॉटेलांचे, दवाखान्यांचे. वर आम्ही दोघी आपापल्या नवऱ्यांसकट राहतो, स्वयंपाक एकच. शिवणघरात नियमही एकच: कातर माझ्या हातात. शिवण चुकली तर उसवता येते, कापताना चुकलं तर सगळं कापड वाया, म्हणून कापायला मीच. हळूबाईनं अकरा वर्षं काजं केली, बटणं लावली, खालच्या पट्ट्या दुमडल्या.

काम सुरेख, पण गती अशी की बघणाऱ्याचा जीव जावा. एक शिवण घातली की उठून इस्त्री करणार, मग दुसरी. बाही तिरकी बसत असली तर मी भराभर सहा टाचण्या उपसून पुन्हा लावते आणि मोकळी होते. ही एक टाचणी हलवणार, गिऱ्हाइकाला म्हणणार, "हात वर करा बघू." मग खाली. मग विचार. मग दुसरी टाचणी. मी म्हणायचे, "अगं, तेवढ्यात तो माणूस म्हातारा होईल, माप बदलेल त्याचं." ती हसायची आणि तिसऱ्या टाचणीकडे वळायची. तिच्या हातून गेलेली बाही कधी परत आली नाही, हेही खरं आहे. ते मी तेव्हा कधी बोलून दाखवलं नाही.

लॅपटॉप नऊ वर्षांचा. आमच्या रस्त्याच्या टोकाला एक गृहस्थ पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे, हल्ली लॅपटॉप करतात, त्यांना सगळे अजून घड्याळकाकाच म्हणतात. त्यांच्याकडून वापरलेलाच घेतला होता. मोठ्या हौसेनं मीच घेतला, मापं ठेवायला आणि नमुने काढायला, आणि पंधरा दिवसांत कंटाळून सोडून दिला. हळूबाई दुपारी सगळे आडवे झाले की त्याच्यापुढे बसायची. वर्षभरात तिनं चारशे गिऱ्हाइकांची मापं त्यात भरली. मी फार तर बटण दाबून यादी उघडायचे.

यंदा एका मोठ्या दवाखान्याचं काम आलं. चोपन्न सिस्टर. तिथल्या मेट्रनबाई म्हणाल्या, लहान-मध्यम-मोठा असले तीन साचे नकोत, पोरी दिवसभर रुग्ण उचलतात, काखेत कापड फाटतं. प्रत्येकीचं माप घ्या. हळूबाई तीन दिवस तिकडे जाऊन बसली. नुसतं माप घेऊन थांबली नाही, प्रत्येकीला हात वर करायला लावला, वाकायला लावलं. चिठ्ठ्यांचा हा गठ्ठा घेऊन आली आणि सगळं लॅपटॉपवर चढवलं. मेट्रनबाई तिच्यावर इतक्या खूश झाल्या की जेवताना सगळ्यांसमोर माझ्याही तोंडून गेलं, "हे काम तूच काप."

तिचा घास हातात राहिला. "खरंच ताई?"

"मग काय, जन्मभर काजंच करणारेस?" मी म्हटलं. आमच्या ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू घर दान केलं.

त्याच आठवड्यात तिच्या भावानं तिला एक मनगटाचा पट्टा पाठवला. घड्याळासारखा बांधायचा, वर तबकडीच्या जागी लोहचुंबक. टाचण्या त्याला चिकटून राहतात, तोंडात धरायला नकोत. दोन दिवस तिनं वापरला. लॅपटॉपवर बसायच्या आधी मात्र काढून खिळ्याला अडकवायची, टाचण्यांनी ओरखडे पडतात म्हणून. मला तो दिसला आणि मोह झाला. "बघू गं," म्हणून डाव्या मनगटाला बांधला तो बांधलाच. वर म्हणाले, "तुला काय एवढ्या टाचण्या लागतात? मला जास्त उपयोग."

"घ्या ना ताई," ती म्हणाली. मी घेतला. आंघोळ, झोप आणि रस्ता सोडला तर तो माझ्या हातावरून निघेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप सुरू होईना. बटण दाबलं, दिवा लागला, पंखा घुरघुरला, कंपनीचं नाव क्षणभर दिसलं आणि पडदा काळा. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. हळूबाईला हाक मारली. ती बसली, मी शेजारून वाकून यंत्राच्या कडेवर हात टेकून बघत होते. काळा. मापांच्या चिठ्ठ्या मी आदल्याच दिवशी आवराआवरीत चिंध्यांच्या पोत्यात टाकल्या होत्या आणि पोतं गेलं होतं. चोपन्न जणींची मापं आता फक्त त्या डब्यात होती. बारा दिवसांत माल द्यायचा होता.

तो डबा काखेत मारून मी घड्याळकाकांकडे गेले. त्यांनी बटण दाबलं आणि पडदा लख्ख उजळला. काका हसले. "दवाखान्याची पायरी चढली की काही जणांना आपोआप बरं वाटतं." तरी त्यांनी कागदावर लिहून दिलं, पुन्हा बिघडला तर काय काय करून बघायचं. निघताना म्हणाले, "एका वेळी एकच गोष्ट बदला. पाच गोष्टी एकदम केल्यात तर चालू होईल, पण का झाला ते कळणार नाही."

घरी आणला, आणि माझ्या हातात पुन्हा काळा.

मग हळूबाईनं तिची वही काढली. काकांचा कागद तिला मनापासून पटला होता, तिचीच रीत होती ती. पहिल्यांदा चार्जर दुसरा लावला. वहीत लिहिलं: फरक नाही. बॅटरी काढली, बटण अर्धा मिनिट दाबून धरलं, बॅटरी घातली. फरक नाही. पाठीमागचं झाकण उघडून मेमरीची पट्टी काढली, तिच्या पिवळ्या टोकांवरून खोडरबर फिरवलं, फुंकर मारून परत बसवली. फरक नाही. पडद्यावर तिरकी विजेरी मारून आत अंधुक काही दिसतं का पाहिलं. आणि या सगळ्यात मी तिच्या डाव्या बाजूला, यंत्राच्या कडेवर हात टेकून, "आवर गं, आवर गं" करत उभी. दोन दिवस.

तिसऱ्या दिवशी मी आंघोळ करून, पट्टा बांधत बांधत जिना उतरत होते, तर खाली पडदा चालू. हळूबाई काहीतरी वाचत होती. मी लगबगीनं जाऊन हात टेकला, "झाला का?" आणि फट्कन काळा. संध्याकाळी सूत आणायला गेले, परत आले, पुन्हा तसंच. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. मी नसले की चालू, मी आले की बंद.

आमच्या ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "यंत्रच ते, भीत असेल तुला." घरात सगळे मला भितात हा त्यांचा जुना विनोद आहे. मी त्या दिवशी हसले नाही. डोक्यात भलतंच काही शिजायला लागलं होतं. ही मुद्दाम करते. हिनं काहीतरी करून ठेवलंय, म्हणजे हिच्याशिवाय ते कुणाला चालवता येऊ नये. कापायचं टेबल मिळालं, आता शिवणघरही हवं. एकदा हे मनात आलं आणि मग मला सगळीकडे पुरावेच दिसायला लागले. तिची वही, तिचं गप्प राहणं, मी आले की तिचं माझ्या हाताकडे बघणं.

गुरुवारी मेट्रनबाई पहिला नग बघायला आल्या. दाखवायला काही नव्हतं. त्या काही लागट बोलल्या नाहीत, एवढंच विचारलं, "मापं आहेत ना सुरक्षित?" आणि माझा तोल सुटला.

"मापं आहेत, पण ती आमच्या जाऊबाईंच्या मुठीत आहेत," मी म्हटलं. "मी समोर असले की यंत्र बंद, मी पाठ फिरवली की चालू. मला काय कळत नाही? एक टेबल काय दिलं, अख्खं घर ताब्यात घ्यायला निघाली."

हळूबाईचा चेहरा पांढरा पडला. तिनं माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं, मग मेट्रनबाईंकडे. "तसं नाही ताई," एवढंच म्हणाली. गळ्यातली टेप काढली, गुंडाळून टेबलावर ठेवली आणि वर निघून गेली. मेट्रनबाई हातातल्या कपाकडे बघत होत्या. त्यांनी अर्धा चहा तसाच टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आले तर कापायच्या टेबलावर कातरीखाली नव्यानं लिहिलेल्या चोपन्न चिठ्ठ्या ठेवलेल्या. प्रत्येकीचं माप, कुणाचा उजवा खांदा उतरता, कोण हात वर करताना वाकते, सगळं सुवाच्य अक्षरात. मी काय केलं सांगू? त्या चिठ्ठ्या हातात नाचवत ह्यांना म्हणाले, "बघितलंत? म्हणजे चालू होत होता ना हिच्याकडे. माझंच खरं होतं." आणि कातर घेऊन कापायला बसले. शुक्रवार, शनिवार, रविवार दुपारपर्यंत चोपन्नच्या चोपन्न मी कापले. हळूबाई खाली येऊन तिच्या मशिनवर बसायची, मी टाकीन ते शिवायची. टेबलाकडे तिनं बघितलं नाही आणि लॅपटॉपला बोट लावलं नाही.

रविवारी खडू संपला म्हणून तिचा खण उघडला. वर वही होती. चोंबडं मन, उघडली. फरक नाही, फरक नाही, अशा ओळीमागून ओळी, आणि मग बुधवारच्या तारखेखाली:

ताई नसताना – चालू.
ताई आल्यावर – बंद.
ताईंनी उजवा हात टेकला – चालूच.
ताईंनी डावा हात टेकला – बंद.
ताईंनी डावा हात उचलला – परत चालू.
पट्टा.

त्याखाली घड्याळकाकांना विचारून लिहिलेलं होतं, की झाकण मिटलंय की उघडं आहे हे यंत्राला एका छोट्या लोहचुंबकावरून कळतं. दुसरं लोहचुंबक कडेजवळ नेलं की त्याला वाटतं झाकण मिटलं, आणि ते झोपतं. आणि सगळ्यात शेवटी, दोनदा खोडून पुन्हा लिहिलेलं: ताईंना सांगू नये.

मी लॅपटॉपपुढे जाऊन बसले. पट्टा बांधलेला हात कडेवर ठेवला, काळा. हात उचलला, उजेड. पट्टा सोडून खिळ्याला अडकवला आणि तोच उघडा हात ठेवला, उजेड तसाच. पुन्हा बांधला. काळा. असं मी चार वेळा केलं, काहीतरी वेगळं निघेल म्हणून. तिची वस्तू मी काढून घेतली, त्या वस्तूनं यंत्र बंद पाडलं, आणि त्याबद्दल मी तिलाच परक्या बाईसमोर चोर ठरवलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं जे म्हणतात, ते नुसतं म्हणायचं नसतं हे मला त्या दिवशी कळलं.

पट्टा आणि कातर घेऊन मी वर गेले. ती वाळलेले कपडे घड्या करत बसली होती.

"बसा ताई," ती म्हणाली. माझ्या हातातला पट्टा बघून तिला सगळं समजलं.

"बुधवारी कळलं होतं तुला. बोलली का नाहीस?"

तिनं घडी पुरी केली. "पट्टा परत हवाय म्हणून निमित्त काढलं, असं वाटलं असतं तुम्हाला."

"मला असं वाटलं असतं?"

"तुम्ही म्हणाला असतात."

म्हणालेच असते. कुठल्या शब्दांत म्हणाले असते तेही मला ऐकू आलं.

"मग गुरुवारी तरी सांगायचंस. मी तुला एवढं लागेल असं बोलले."

"त्या बाईंसमोर? तुमच्या हाताकडे बोट दाखवून?" तिनं मान हलवली. "ते बरं दिसलं नसतं."

मी म्हटलं, "माझं चुकलं. फार चुकलं." हे शब्द मी या घरात कधी कुणाला म्हटलेले नाहीत, म्हणून ते वाकडेतिकडेच निघाले. कातर तिच्यापुढे धरली. "चल खाली. काप."

ती कातरीकडे बघत राहिली. "काय कापू ताई? सगळं कापून झालं ना?"

झालं होतं. तिच्यासाठी एक बाहीसुद्धा मी शिल्लक ठेवली नव्हती.

माल घेऊन मी स्वतः दवाखान्यात गेले. वाटेत वाक्यं घोकली होती, तिथे एकही आठवलं नाही. मेट्रनबाईंना सरळ सांगितलं की यंत्र माझ्याच हातातल्या पट्ट्यानं बंद पडत होतं, जावेचा काडीचा दोष नव्हता, मी खोटं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं.

"त्या येऊन गेल्या शनिवारी," त्या म्हणाल्या. "यंत्र जुनं आहे म्हणाल्या. ताईंवर कामाचा ताण होता, त्यांचं बोलणं मनावर घेऊ नका, काम त्यांच्याकडून काढून घेऊ नका म्हणाल्या."

शनिवारी मी तिच्या चिठ्ठ्या बघून कापत होते आणि मनात तिला नावं ठेवत होते.

"आमच्या शिवणखोलीत कापायला माणूस हवंय," मेट्रनबाई पुढे म्हणाल्या. "मी त्यांना तिथेच विचारलं. ताईंना विचारून सांगते म्हणाल्या. तुम्हाला विचारलं नाही का?"

विचारलं नव्हतं. कसं विचारणार?

घरी येऊन मीच तो विषय काढला. राहा असं म्हणायचं होतं, टेबल तुझं, कातर तुझी, पाटीवर नाव तुझं. त्यातलं टेबलाचं आणि कातरीचं म्हणून झालं. राहा म्हणायला मात्र तोंड उरलं नव्हतं. हळूबाईनं तीन दिवस विचार केला, तिच्या नेहमीच्या चालीनं. चौथ्या दिवशी भांडी आवरताना म्हणाली, "ताई, मी जाते तिकडे. तुमच्यावर राग नाही." राग नव्हता, हे मला माहीत आहे. राग असता तर मी भांडून तिला थांबवलं असतं.

आता ती सकाळी डबा घेऊन जाते, संध्याकाळी येते, आम्ही एकत्र जेवतो. सगळ्या सिस्टरांचे कपडे तिच्या कातरीतून निघतात आणि काखेत एकही फाटत नाही, असं मेट्रनबाई भेटेल त्याला सांगतात. पट्टा मी तिला परत दिला तर तिनं तो शिवणघरातल्या खिळ्यालाच ठेवला. मी पूर्वीसारखी टाचण्या तोंडात धरते.

परवा लॅपटॉपचा पडदा पुन्हा गेला. मी बराच वेळ बटण दाबत बसले, मग जिन्याखाली उभी राहून तिला हाक मारली, नाव घेऊन, हळूबाई म्हणून नाही. ती वरून वाकली.

"पुन्हा बंद पडलाय गं," मी म्हटलं.

तिनं घड्याळकाकांचा कागद मागितला नाही. नुसतं विचारलं, "हातात काही नाही ना, ताई?"

अकरा वर्षांत तिनं माझी केलेली ही पहिली थट्टा. मी दोन्ही हात वर करून तिला दाखवले, रिकामे, आणि हसले. ती खाली येईपर्यंत मला डोळे पुसावे लागले. मग ती बसली, चार्जर काढून परत लावला, आणि वहीत लिहिण्यासाठी माझ्याकडे पेन मागितलं.